आउटलुकमधली जुनी मेल थंडरबर्डमध्ये नेताना

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतून एक प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात मांडते. छोटी फाउंड्री आहे. २०११ पासूनची सगळी मेल ऑफिसातल्या विंडोज ७ च्या कॉम्प्युटरवर, आउटलुक २०१० मध्ये. खातं कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचं, पीओपीवर चालणारं. आउटलुक ज्या एका फाइलीत सगळी मेल ठेवतं ती पीएसटी फाइल फुगत फुगत ११ जीबीची झाली आहे. आता विंडोज ११ चा नवा कॉम्प्युटर घेतलाय आणि त्यावर मेलसाठी थंडरबर्ड हा दुसरा प्रोग्रॅम वापरायचं ठरलंय. कुणीतरी सांगितलं, 'पीएसटी पेन ड्राइव्हवर घ्या आणि तिकडं टाका.' पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, अख्खा रिकामा, तरी फाइल त्यावर जाईना. मेल, पत्ते, मराठी आणि कन्नडमधली पत्रं, यातलं काहीच गमवायचं नाही, तर कसं करावं?

पेन ड्राइव्हचं सोपं आहे. बरेच पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेले असतात आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, मग जागा कितीही मोकळी असू दे. एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलात की फाइल जाईल. पण जाऊन उपयोग काय? थंडरबर्डला पीएसटी थेट उघडता येत नाही. ती आउटलुकची पेटी, किल्लीही आउटलुककडेच. थंडरबर्ड मेल ठेवतं ते एमबॉक्स नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलींत, एका फोल्डरची एक फाइल, तीत एकाखाली एक मेल. म्हणजे पेटी उचलून नेण्यानं भागणार नाही. ती इथंच उघडून आतलं सामान दुसऱ्या पेटीत भरावं लागेल, आणि उघडायला लागणारं आउटलुक जुन्या कॉम्प्युटरवर आहे. जुना कॉम्प्युटर विकायचा किंवा घरी मुलांना द्यायचा विचार असेल तर तो आत्ता बाजूला ठेवा.

बेळगावात कॉम्प्युटर बसवून द्यायचं आणि दुरुस्तीचं काम मी बावीस वर्षं करतेय. मेल हलवायचं काम आलं की मी पहिला प्रश्न एकच विचारते: तुमची मेल राहते कुठं? बहुतेकजण चटकन सांगतात, 'इंटरनेटवर.' तुमच्या बाबतीत ते खरं नाही. पीओपी म्हणजे सोसायटीच्या गोदामातली भाताची पोती घरी आणून टाकणं. सर्व्हरवर आलेली मेल आउटलुक उचलतं, तुमच्या हार्ड डिस्कवर ठेवतं आणि ठरलेल्या दिवसांनी सर्व्हरवरची प्रत पुसून टाकतं. आउटलुक २०१० मध्ये हे दिवस सुरुवातीला १४ ठरलेले असतात. मेल घ्यायची दुसरी पद्धत आयमॅप, तीत पोती गोदामातच राहतात. तुम्ही मोबाइलवरून बघा नाहीतर ऑफिसातून, माल एकच. तुमच्याकडं पीओपी आहे, त्यामुळं सर्व्हरवर शेवटच्या दोन आठवड्यांपलीकडचं काही नाही असंच धरून चाला. आणि तुम्ही पाठवलेली मेल? पीओपीवर चालणारं आउटलुक ती सर्व्हरवर ठेवतच नाही. 'सेंट आयटम्स' फोल्डरची तुमची प्रत त्या एका डिस्कवर आहे, दुसरीकडं नाही.

हे मी इतकं ठासून का सांगते ते ऐका. खानापूर भागातल्या एका कौलांच्या कारखान्याचं काम २०१६ च्या पावसाळ्यात माझ्याकडं आलं. कॉम्प्युटर मंद चालतो म्हणून ओळखीतल्या एकानं तो फॉरमॅट करून दिला होता. मालक निर्धास्त होते. 'मेल इंटरनेटवर आहे की ओ ताई, परत येईल.' खातं पुन्हा जोडलं तर इनबॉक्समध्ये अकरा मेल आल्या आणि सेंट रिकामं. पाच वर्षांत कुणाला काय भाव दिला, कुठली तारीख कबूल केली, कुणाचा किती माल फुटून आल्याचं मान्य केलं, सगळं गेलं. डिस्कवर नवं विंडोज बसलेलं असल्यानं पुसलेल्या फाइलीतून फारसं काही हाती लागलं नाही. शेवटी आम्ही गोव्यातल्या आणि कोल्हापूरकडच्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावले: आमच्याकडून तुम्हाला आलेली जुनी मेल आम्हाला परत पाठवाल का? काहींनी पाठवली. काहींकडं आमचं मूळ पत्र नव्हतं, पण त्यांनी दिलेल्या उत्तराच्या तळाशी ते जसंच्या तसं होतं. मालकांची मुलगी शेजारी वही घेऊन बसायची आणि तळाशी सापडलेला एकेक भाव तारखेसकट उतरवायची. तीन आठवडे हे चाललं. जे सापडलं ते तिच्या चिकाटीमुळं. तेव्हापासून पीएसटीची प्रत हातात आल्याशिवाय मी मेलच्या कामाला हात लावत नाही.

तर प्रत. आधी आउटलुकमध्ये 'फाइल', मग 'अकाउंट सेटिंग्ज', त्यात 'डेटा फाइल्स' हा भाग उघडा. तिथं तुमच्या पीएसटीचं नाव आणि ती डिस्कवर कुठं आहे हे दिसेल. एकापेक्षा जास्त नावं असतील तर सगळी टिपून घ्या. नाव एकच दिसत असलं तरी कॉम्प्युटरवर 'आर्काइव्ह' नावाची पीएसटी शोधा. आउटलुकमध्ये ऑटोआर्काइव्ह नावाची सोय आहे. ठराविक महिन्यांपेक्षा जुनी मेल मुख्य फाइलीतून काढून ती वेगळ्या फाइलीत सारते, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी त्या विचारणेला 'येस' म्हटलेलं असतं. तुमचं काम २०११ पासूनचं आहे; इनबॉक्सच्या तळाशी जाऊन बघा, सगळ्यात जुनी मेल २०१४-१५ ची दिसली तर आधीची वर्षं त्या दुसऱ्या फाइलीत आहेत. ती फाइल आउटलुकमध्ये उघडून ठेवा, म्हणजे डाव्या बाजूला तिचीही फोल्डरं दिसतील. त्याशिवाय ती हलणार नाही.

मग आउटलुक पूर्ण बंद करा आणि सगळ्या पीएसटी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. चालू आउटलुकमधून फाइल कॉपी करायला जाऊ नका. ही प्रत झाली की तिला हात लावायचा नाही, पुढचं सगळं मूळ फाइलीवर. आउटलुकबरोबर 'स्कॅनपीएसटी' नावाचा दुरुस्तीचा छोटा प्रोग्रॅम येतो, तो आता चालवून घ्या. इतक्या वर्षांत वीज जाऊन-येऊन फाइलीत बारीकसारीक तडे गेलेले असतात आणि मेल काढून घेताना नेमकी तिथंच गाडी अडते.

यानंतरचा माझा मार्ग बऱ्याच जणांना उलटा वाटतो: थंडरबर्ड आधी जुन्या कॉम्प्युटरवर बसवायचं. थंडरबर्डमध्ये आउटलुकमधून मेल आणि पत्ते घेण्याची सोय आहे, पण आउटलुक त्याच कॉम्प्युटरवर असलं तरच ती चालते. विंडोज ७ वर चालणारी थंडरबर्डची शेवटची मालिका ११५ ची. नव्या कॉम्प्युटरवर ती थंडरबर्डमागच्या मोझिला संस्थेच्या जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यातून उतरवा आणि पेन ड्राइव्हवर न्या. एवढ्याशा फाइलीला फॅट३२ सुद्धा चालतं. इथं एक गोष्ट चुकली की तास-दोन तास डोकं खाते. आउटलुक ३२ बिटचं असेल तर थंडरबर्डही ३२ बिटचंच हवं, नाहीतर दोघांचं बोलणंच होत नाही. आउटलुक २०१० मध्ये 'फाइल' आणि मग 'हेल्प' उघडलंत की उजवीकडं आवृत्तीच्या नंबरापुढं ३२ की ६४ ते लिहिलेलं दिसतं. त्या काळात ऑफिस बहुतेक ठिकाणी ३२ बिटचंच बसायचं, विंडोज ६४ बिटचं असलं तरी.

थंडरबर्ड पहिल्यांदा उघडलं की विचारेल, मलाच मुख्य मेल प्रोग्रॅम करू का? नाही म्हणा. मुख्य आउटलुकच राहू दे, कारण त्याच्याच दारातून मेल काढायची आहे. खातं जोडू का विचारेल, तेही नको. आता आउटलुकमध्ये शेवटचं एकदा सेंड-रिसीव्ह करा, 'वर्क ऑफलाइन' दाबा आणि तिथून पुढं त्या आउटलुकला नवीन मेल घेऊ देऊ नका. या क्षणानंतर येणारी मेल सर्व्हरवर थांबेल आणि नव्या कॉम्प्युटरवर उतरेल. दोन्हीकडं पीओपी चालू ठेवून अर्धी मेल इकडं आणि अर्धी तिकडं झालेली ऑफिसं मी पाहिली आहेत. मग पर्चेस ऑर्डर आलीच नाही म्हणून भांडणं होतात आणि ती शेजारच्या टेबलावर पडलेली असते.

थंडरबर्डच्या 'टूल्स'मध्ये 'इम्पोर्ट' आहे, तिथं आउटलुक निवडा. मेन्यू दिसत नसेल तर ऑल्ट दाबा. त्याआधी डिस्कवर मोकळी जागा बघा. पीएसटी ११ जीबीची म्हणून ११ जीबी पुरेल असं धरू नका. पीएसटीत अटॅचमेंट मूळ रूपात असते. एमबॉक्समध्ये तीच मजकुराच्या रूपात लिहून ठेवावी लागते आणि त्यात ती साधारण एक तृतीयांशानं वाढते. तुमच्याकडं ड्रॉइंग, टेस्ट सर्टिफिकेट, फोटो असंच सगळं असणार, म्हणजे मेलचा बहुतेक भार अटॅचमेंटचाच. १५ ते १६ जीबी मोकळी ठेवा. स्लीप बंद करा. संध्याकाळी लावून द्या आणि सकाळी बघा, इतका वेळ लागू शकतो.

यूपीएसची बॅटरी मात्र आधी तपासा. पावसाळ्यात आपल्याकडं वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि तीन वर्षं न बदललेली बॅटरी अर्ध्या मिनिटात मान टाकते. अर्धवट झालेलं इम्पोर्ट पुढं चालू ठेवता येत नाही. पुन्हा केलं की आधीचं अर्धं आणि नवं पूर्ण असं दुहेरी होऊन बसतं. तसं झालंच तर पहिलं अर्धवट फोल्डर पुसून मगच दुसऱ्यांदा सुरू करा.

झालेली मेल थंडरबर्डमध्ये 'लोकल फोल्डर्स'खाली दिसेल. ती नव्या कॉम्प्युटरवर नेणं हा सगळ्यात सोपा भाग. 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन'मधून प्रोफाइलचं फोल्डर, म्हणजे थंडरबर्ड आपली मेल आणि सेटिंग ठेवतं ते, उघडता येतं. त्यात 'मेल', त्याच्या आत 'लोकल फोल्डर्स'. तिथं प्रत्येक मेल-फोल्डरची एक फाइल असते, नावापुढं टिंब-बिंब काही नसलेली. आत उपफोल्डरं असतील तर त्याच नावाचं आणि शेवटी एसबीडी असलेलं एक फोल्डर. दोन्ही उचलायची. शेवटी एमएसएफ असलेल्या फाइली म्हणजे नुसती सूची, त्या नाही आणल्या तरी थंडरबर्ड नव्यानं बनवतं. दोन्हीकडं थंडरबर्ड बंद ठेवून हे सगळं नव्या कॉम्प्युटरवरच्या तशाच 'लोकल फोल्डर्स'मध्ये टाका आणि उघडा. पहिल्यांदा फोल्डरवर क्लिक केल्यावर यादी तयार व्हायला वेळ लागतो, मध्येच बंद करू नका.

पत्त्यांकडं लोक शेवटी बघतात, म्हणून ते इथं जरा सावकाश सांगते. आउटलुकमधून पत्ते काढायचा नेहमीचा मार्ग म्हणजे सीएसव्ही फाइल, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर. इंग्रजी नावांना तो बरा. पण 'पाटील पॅटर्नवाले' असं कुणी देवनागरीत लिहून ठेवलं असेल तर जुन्या आउटलुकच्या सीएसव्हीत त्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. कन्नड नावांचंही तेच. त्यापेक्षा मेलबरोबर पत्तेही थंडरबर्डच्या इम्पोर्टनंच घ्या, आणि मग जुन्या थंडरबर्डमधून व्हीकार्ड या पत्त्यांच्या फाइलीच्या रूपात बाहेर काढून नव्यात घाला. दोन-चार मराठी नावं उघडून बघा म्हणजे खात्री होईल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'टू'च्या रकान्यात दोन अक्षरं टाइप केली की जी नावं खाली उघडतात, ती सगळी पत्त्यांच्या वहीत नसतात. आउटलुक ती वेगळी लक्षात ठेवतं आणि ती यादी थंडरबर्डमध्ये येत नाही. कित्येक वर्षांची गिऱ्हाइकं फक्त त्या यादीत असतात. उपाय साधा आहे: सेंटमधली गेल्या दोन-तीन वर्षांची मेल नव्या थंडरबर्डमध्ये उघडा आणि पत्त्याशेजारची, वहीत नाव घालायची खूण दाबत चला, नाव वहीत जातं. हे काम ऑफिसात जी व्यक्ती रोज मेल बघते तिनंच करावं. कुठलं नाव कामाचं आणि कुठलं नाही हे तिलाच कळतं, मला किंवा माझ्यासारख्या कुणाला नाही.

आता मराठी आणि कन्नड पत्रं. सीमाभागातल्या ऑफिसात एकाच इनबॉक्समध्ये पुण्याच्या कंपनीचं इंग्रजी ड्रॉइंग, कोल्हापूरच्या पॅटर्नवाल्याची मराठी मेल आणि सरकारी खात्याचं कन्नड पत्र शेजारी शेजारी असतं. बाहेरगावच्या तंत्रज्ञाला ही अडचण ठाऊकच नसते, म्हणून तिच्यासाठी वेळ राखून ठेवा.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा नंबर देणाऱ्या आजच्या पद्धतीत, लिहिलेली मेल बहुधा सुखरूप येते. नव्या विंडोजमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्हींना पुरणारा निर्मला फॉन्ट मुळातच असतो. बिघडलेली दिसली तर कशी बिघडली आहे ते नीट बघा, कारण दोन बिघाड दिसायला सारखे वाटले तरी अगदी वेगळे आहेत. मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि डोक्यावर टोप्या असलेली विचित्र चिन्हं दिसत असतील तर आतला मजकूर शाबूत आहे, थंडरबर्ड तो चुकीच्या पद्धतीनं वाचतंय. 'व्ह्यू'मधलं 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' दाबून बघा, पुष्कळदा अक्षरं जागेवर येतात. पण नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर हलवतानाच मजकूर गेला आहे. त्या मेलवर कितीही खटपट करा, तिच्यात काही उरलेलं नाही. अशा वेळी मूळ पीएसटीकडं परत जायचं आणि तेवढी फोल्डरं आयमॅपच्या रस्त्यानं आणायची, तो रस्ता पुढं सांगते. जुना कॉम्प्युटर आणि पीएसटी सांभाळून ठेवा असं मी घोकतेय ते याचसाठी.

तिसरा प्रकार युनिकोडच्या आधीच्या सवयीचा. श्रीलिपी, शिवाजी, किरण, कन्नडसाठी जुना नुडी, या फॉन्टांत लिहिलेली मेल आतून रोमन अक्षरांचीच असते. फॉन्टमुळं ती मराठी किंवा कन्नड दिसते, एवढंच. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की मेलचा कचरा दिसतो आणि माणूस घाबरून म्हणतो, मेल करप्ट झाली. ती झालेली नाही. मेल फॉन्ट, रंग अशा सजावटीसकट पाठवलेली असेल तर फॉन्टचं नाव मेलमध्येच लिहिलेलं असतं. तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर बसवा, मग थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये फॉन्टच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात मेलला स्वतःचे फॉन्ट वापरू देण्याची खूण आहे ती ठेवलेली आहे ना बघा. मेल साध्या मजकुराची असेल तर फॉन्टचं नावही नसतं. तिथं मजकूर कॉपी करून वर्डमध्ये चिकटवायचा आणि फॉन्ट हातानं लावायचा. अशी मेल जमिनीच्या, कर्जाच्या किंवा कोर्टाच्या कामाची असेल तर मी जुन्या कॉम्प्युटरवर, जिथं ती नीट दिसते तिथंच, तिची पीडीएफ काढून ठेवते. पीडीएफमध्ये फॉन्टही बरोबर जातो. विंडोज ७ मध्ये पीडीएफ छापणारा प्रिंटर वेगळा टाकावा लागतो, पण त्या दहा मिनिटांचा पुढं फार उपयोग होतो. एका घरगुती वाटणीच्या पत्रासाठी अशी काढलेली पीडीएफ सात वर्षांनी कामाला आलेली मी पाहिली आहे.

आयमॅपचा रस्ता असा. आउटलुकमध्ये एक आयमॅप खातं जोडायचं, पीएसटीतली फोल्डरं ओढून त्यात टाकायची, ती सर्व्हरवर चढू द्यायची आणि थंडरबर्डमध्ये तेच खातं जोडून उतरवून घ्यायची. सर्व्हर म्हणजे मधला पूल. मेल थोडी असेल तर मला हाच मार्ग आवडतो. निपाणीच्या एखाद्या शिक्षकाची पाचसहाशे एमबी मेल अशी एका दुपारी होते. तुमच्या ११ जीबीला तो पहिला मार्ग म्हणून नको. तुमच्या होस्टिंगवर, म्हणजे तुमच्या डोमेनची मेल सांभाळणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, मेलबॉक्सला तेवढी जागा असेलच असं नाही. जीमेलचं खातं मध्ये घेतलंत तर तिथं फुकट जागा १५ जीबी, ती ड्राइव्ह आणि फोटोंसकट, आणि आयमॅपनं दिवसाला ५०० एमबीच चढवू देतात. म्हणजे बावीस दिवसांहून जास्त. शिवाय आउटलुक २०१० ला जीमेल नेहमीच्या पासवर्डनं आत घेत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. मोजक्या मराठी फोल्डरांपुरता हा खटाटोप ठीक आहे.

पीएसटीचं रूपांतर करून देणारे विकतचे प्रोग्रॅम आहेत, काही चांगले चालतात. पण फाइल अपलोड करा आणि रूपांतर करून घ्या असं म्हणणाऱ्या साइटवर तुमची पीएसटी कधीही चढवू नका. तिच्यात तुमच्या गिऱ्हाइकांची ड्रॉइंग आहेत, त्यांनी विश्वासानं दिलेली. ती परक्याच्या सर्व्हरवर टाकायचा हक्क आपल्याला नाही.

आता मोजणी. आउटलुकमध्ये फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये एकूण आकडा दाखवायची सोय आहे. थंडरबर्डमध्ये फोल्डर उघडलं की खालच्या पट्टीत एकूण दिसतो. वहीत दोन रकाने करा आणि फोल्डरागणिक आकडे लिहा. थोडा फरक येईल, कारण मीटिंगची बोलावणी, पोचपावत्या असलं आउटलुकचं खास सामान मेल म्हणून येत नाही. शंभरात एखाद-दुसरा फरक मी चालवून घेते. दहाचा आला तर ते फोल्डर पुन्हा. आकडे जुळले तरी पाच मेल उघडून बघायच्याच: सगळ्यात जुनी, सगळ्यात नवी, सगळ्यात मोठी अटॅचमेंट असलेली, मराठी विषय असलेली आणि सेंटमधली एक. मोठ्या अटॅचमेंटचं ड्रॉइंग नुसतं दिसतं म्हणून सोडू नका, उघडून झूम करून बघा. उद्या त्याच्यावरून साचा बनणार आहे.

नव्या कॉम्प्युटरवर खातं जोडताना थंडरबर्ड आपणहून आयमॅप सुचवेल. घ्या. मोबाइलवर आणि ऑफिसात एकच मेल दिसेल आणि पाठवलेली मेलही सर्व्हरवर राहील. पोर्ट विचारला तर येणाऱ्या मेलला ९९३, जाणाऱ्याला ४६५ किंवा ५८७. सर्व्हरचं नाव होस्टिंगवाल्यांकडून घ्या. शेवटच्या दोन आठवड्यांची मेल लोकल फोल्डर्समध्येही असेल आणि इथंही, ते दुहेरी तसंच राहू द्या. होस्टिंगवरची जागा कमी असेल तर दर तीन-चार महिन्यांनी जुनी मेल वर्षाच्या नावाच्या लोकल फोल्डरमध्ये ओढायची. आयमॅपमध्ये एकीकडं पुसलेली मेल सगळीकडून पुसली जाते, हे ऑफिसातल्या प्रत्येकाला समोर बसवून दाखवा. सही, फिल्टर, सुट्टीचं उत्तर हे काही आपोआप येत नाही, ते नव्यानं करावं लागतं. तासाभराचं काम आहे.

अँटिव्हायरसलाही एक सूचना द्यावी लागते. एमबॉक्समध्ये अख्खं फोल्डर एकाच फाइलीत असल्यानं एका मेलमध्ये व्हायरस सापडला की काही अँटिव्हायरस ती सबंध फाइल उचलून कोंडून ठेवतात आणि इनबॉक्स रिकामा दिसतो. मेल गेलेली नसते, क्वारंटाइनमधून परत आणता येते. तरी थंडरबर्डचं प्रोफाइल तपासणीतून वगळलेलं बरं, आणि अनोळखी अटॅचमेंट न उघडण्याची शिस्त त्याहून बरी.

जुना कॉम्प्युटर इंटरनेटवरून काढा. विंडोज ७ ला २०२० च्या जानेवारीनंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या आहेत. पण निदान एक मार्च अखेर होईपर्यंत तो चालू स्थितीत ठेवा, कारण हिशेब तपासनीस जे विचारतो ते आपल्याला आधी सुचत नाही. पीएसटीच्या प्रती दोन डिस्कवर करा, एक ऑफिसात, एक घरी. दोन्हींवर मार्करनं तारीख लिहा आणि 'फॉरमॅट करू नये' हे मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत लिहा. ऑफिसात पुढं येणारा माणूस कुठली लिपी वाचणारा असेल हे आज सांगता येत नाही.